मीटर अजून बाबांच्या नावावर

भिवंडी,
रविवार, १८ मे २०२५

चि. दिशा,

होळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तू केलेले फोनही मी वाजू दिले आणि नंतर "शाळेत होते" असा मेसेज टाकला. त्याबद्दल आधी माफी मागते. वेळ मिळाला नाही, असं या पत्राच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते पान फाडून टाकलं. नववीचे पेपर एप्रिलातच तपासून झाले, सुट्टी लागली, वेळच वेळ होता. तेव्हा ते कारण नको. खरं कारण लिहायला मला दोन-तीन पानं लागतील, तोवर सांभाळून घे.

तुम्ही सगळे बरे असाल. वापीला उकाडा इथल्याइतकाच असणार. जावईबापूंची पाठ कशी आहे? इकडे ह्यांची तब्येत ठीक, माझीही ठीक. आईचं पुढे लिहिते.

इथे सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे, वीज. पूर्वी जिन्यात दोन बायका भेटल्या की भाजीचे भाव निघायचे, आता युनिट निघतात. मार्चअखेरीस दर कमी होणार अशी बातमी आली आणि आठवड्याच्या आत ती कपात थांबवल्याचीही आली. आमच्या खालच्या गाळ्यातले लूम अधूनमधून बंदच असतात. शेठ म्हणतो, वीज परवडत नाही. कामगार म्हणतात, शेठचा माल उठत नाही, विजेचं नुसतं निमित्त. दोघांत खरं कोण बोलतं, मला माहीत नाही. हल्ली मला कोणाचंच बोलणं खरं वाटत नाही. खरं म्हणजे तेच तुला सांगायला बसले आहे.

फेब्रुवारीत आमच्या इमारतीत नवे स्मार्ट मीटर बसवले. पुढचं बिल वाढून आलं. सगळे म्हणाले, मीटर पळतो. मीही म्हणाले. पण नुसतं म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. एका रविवारी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि जिन्याखाली मीटरसमोर स्टूल टाकून बसले. आकडा हलतो का ते बघत. गाळ्यातल्या लूमची देखभाल करणारा जॉबर चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला. बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, घूरने से बिल कम नहीं होता. हमने करके देखा है."

आकडा हलला नाही. मग एकेक पंखा, एकेक दिवा लावून हिशेब केला. मीटर बरोबर होता. यंदा ऊन लवकर सुरू झालं, आम्ही पंखे जास्त वापरले, आणि शंभर युनिटांची पायरी ओलांडली की पुढचा दर चढा लागतो, एवढंच. मला हायसं वाटायला हवं होतं. मी हिरमुसले. चोर सापडला नाही म्हणून हिरमुसणारी बाई कोणत्या जातीची असते, असा प्रश्न त्या दिवशी रोजनिशीत लिहिला आणि उत्तर न लिहिता पान उलटलं.

बिलाचा कागद तू कधी नीट वाचलास का? स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि वर विद्युत शुल्क. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. शासन आपलं असतं, प्रश्न विचारा, असं फळ्यासमोर उभी राहून सांगते. आणि मला माझ्याच बिलातल्या तीन ओळी कळत नाहीत. वीज विकत घेतली ती एका ओळीत, घरापर्यंत आणली ती दुसऱ्या ओळीत, मग उरलेल्या कशाच्या? दर महिन्याला असा कागद वाचायची सवय लागली की कोणताही कागद हाती आल्यावर त्यात काय लिहिलेलं नाही तेच आधी शोधलं जातं.

कुमारचा कागद मी असाच वाचला.

तो होळीनंतर लगेच आला. गोडाऊनची ड्युटी संपवून, तसाच घामेजलेला. तुझा कागद त्याने कुरियरने पाठवला, माझा स्वतः घेऊन आला. विषय तुला माहीत आहे. बाबा जाऊन तीन वर्षं होत आली, पण मानकोलीच्या घराचा मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. दर महिन्याला श्री. केसरीनाथ यांना बिल येतं आणि ते वेळेवर भरतातही. कुमारला छतावर सोलर बसवायचं आहे. त्याचं सरकारी अनुदान बिल ज्याच्या नावावर असेल त्याला. म्हणजे आधी मीटर कुमारच्या नावावर व्हायला हवा, आणि त्याला आपल्या दोघी बहिणींची संमती हवी.

"ताई, हे लावलं ना, तर बिल पार खाली येतं. आमच्या सुपरवायझरकडे लावलंय, मी बघितलंय."

"इतकी घाई कशाची?"

"नियम बदलनार बोलतात. आज देतात ते उद्या देतीलच असं हाय का? सरकारचा काय भरवसा?"

"ज्याचा भरवसा नाही त्याच्या योजनेतून डोक्यावर काय बसवून घेतोस?"

तो हसला. "तुझ्या शालेतली पोरं कशी जगतात गं तुझ्यापुढे?"

इथवर सगळं ठीक होतं. मी पेनसुद्धा हातात घेतलं होतं. मग त्याने पिशवीतून कागद काढला आणि त्याच्या मागोमाग साडीचं खोकं काढलं. मोतिया रंग, बारीक जरीकाठ. "आणि ही तुला," म्हणाला, आणि खोकं बरोबर कागदावर ठेवलं.

आपल्याकडे भाऊ बहिणीच्या दारी साडी घेऊन येतो तो भाऊबीजेला, लग्नकार्याला, नाहीतर हक्क सोडवून घ्यायला. होळीला कोणी भाऊबीज करत नाही, आणि आपल्या घरात लग्नही नव्हतं. बायजाआत्या तहसील कचेरीतून सही करून आली, तेव्हा तू पाळण्यात होतीस. बाबांनी तिला ओटीवर बसवून हिरवी साडी दिली होती. ती "बरी हाय" म्हणाली, जेवली, आणि अकलोलीला निघून गेली. पुढे आपल्या घरात "बायजाचं नाव काढलं" हे वाक्य, आंब्याला मोहोर आला असं म्हणावं, इतक्या सहज बोललं जायचं.

मी पेन खाली ठेवलं.

"ठेवून जा. वाचून देते."

"तीनच ओली हायत, ताई."

"म्हणूनच."

तो गेल्यावर वाचलं. वडिलांच्या नावे असलेली वीजजोडणी भाऊ कुमार याच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. घराचा उल्लेख नाही, मागच्या वाडीचा नाही. माझं समाधान व्हायला हवं होतं. त्याऐवजी मला दिसलं की मजकूर आणि सहीची जागा यांच्यामध्ये चार बोटं कोरा कागद आहे. तो का सोडला? माझी सही झाल्यावर तिथे आणखी काही टाइप करायला? मी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. हे म्हणाले, "काय गं, नोट खोटी निघाली का?"

त्यात पाडव्याच्या सुमारास मी बसने ठाण्याला जात होते. मानकोली नाक्यावर बस अडकली. समोर टपरीवर कुमार बसला होता, आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या शर्टातला, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला एक माणूस. त्या भागात तसा माणूस कशासाठी येतो ते कोणीही सांगेल. आपल्या घराच्या दोन्ही अंगांना गोडाऊन झाली आहेत. मध्ये घर, अंगण आणि वाडी तेवढी उरली आहे. मला वाटलं, आता सगळं जुळलं. आधी मीटर, मग त्याच सहीवर घरपट्टी, मग घर. जुळलं याचं मला दुःख झालं की समाधान, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

वीज कार्यालयातही जाऊन आले. तिथले बाबू माणूस म्हणून बरे होते. मी विचारलं, "मीटरचं नाव बदललं तर घराच्या मालकीवर काही परिणाम होतो का?"

"नाही हो मॅडम. बिल भाडेकरूच्या नावावरपण असतं. तो काय मालक होतो?"

"मग वारसांची संमती कशाला मागता?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नंतर तुम्हीच भावंडं इथे भांडत येता, म्हणून."

आजूबाजूचे हसले. मीही हसले. बाहेर आले आणि जिन्यातच मनात आलं, हा माणूस मानकोलीकडचा तर नसेल? कुमारच्या ओळखीचा? बघ, दिशा. ज्याने माझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, त्याचंच गाव मी शोधायला लागले.

आता ते लिहिते, जे टाळत आले.

एप्रिलात अकलोलीला आत्याच्या नातवाची हळद होती. डीजेच्या आवाजात आत्याने मला ओढत चुलीमागे नेलं आणि कानात ओरडून विचारलं, "कुमारनं साडी आनली म्हनं तुना?"

"कोण म्हणालं?"

"मना सगलं कलतं. आली ना साडी? मंग समज काय ते. मी ती हिरवी येकदा पन नेसले न्हाय. गोधडीत घातली. पायाखाली घेतंय." मग आणखी जवळ येऊन म्हणाली, "धाकटी शानी हाय. तिनं दिली म्हनं सही. दोन साड्या गेल्या वापीला."

मी विचारायला हवं होतं की हे तुला कोणी सांगितलं. विचारलं नाही. मला ते पटून गेलं होतं. तू लहानपणापासून कुमारची लाडकी. तुझं घर लांब, तुला इथल्या जमिनीच्या भावाची कल्पना नाही. तू दिली असशीलच. किंवा, आणि हे लिहिताना मला माझ्या हस्ताक्षराची लाज वाटते, तुला कल्पना असेल आणि तुमचं दोघांचं आपापसांत काही ठरलं असेल. त्यानंतर तुझे दोन फोन आले. स्क्रीनवर तुझं नाव बघत मी मनात म्हणाले, आता ही सांगेल, "ताई, देऊन टाक सही, आपलाच भाऊ आहे." आणि फोन वाजू दिला.

होळीपासूनच्या गप्पपणाचं हे कारण आहे. भाऊ फसवतोय असं वाटलं म्हणून मी त्याच्याशी बोलले नाही, आणि बहीण विकली गेली असं वाटलं म्हणून तुझ्याशी. आणि दोघांनाही काही न विचारता.

परवा सकाळी कुमारच्या मंदाचा फोन आला. "ताई, आईंना चक्कर आली. सलाईन लावून घरी आणलंय. घाबरायसारखं न्हाय, पन येऊन जा." काल दुपारी गेले.

आई बरी होती. मी दिसले तशी उठून बसली, भाकरी खाल्लीस का विचारलं, तुझी चौकशी केली. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाचा त्रास, अंगातलं पाणी कमी झालं, पंख्याखाली झोपा, पाणी प्या. मी माठातलं पाणी देत होते. दिवेलागण झाली. मंदाने देवापाशी दिवा लावला, आणि आई उठली, भिंतीला धरत बटणापर्यंत गेली, आणि पंखा बंद करून मागच्या पायरीवर जाऊन बसली. ओला फडका मानेला लावून.

"आई, पंखा का बंद केला?"

"सांजच्याला मीटर जास्त पलतं."

"कोण म्हणालं?"

"समदी बोलतात. नवीन मीटर हाय ना. दिसा सस्ता, सांजचा म्हाग."

मंदा शिलाईची मशीन थांबवून म्हणाली, "रोजचं हाय, ताई. सांज झाली की बाहेर. झोपायच्या टायमाला आम्ही लावतो तर डोला लागला की उठून परत बंद करतात. चक्कर उगाच न्हाय आली."

तेवढ्यात कुमार आला. मी तशीच त्याच्यावर गेले. "घरातल्या म्हातारीला पंखा लावायची भीती वाटते आणि तुम्ही बघत बसता?"

"मी काय बोललो न्हाय का तिला? बिल वाचून दाखवलं. आपल्याला सांजचा वेगला भाव लागत न्हाय, हे दहा वेला सांगितलं. ऐकत न्हाय. ती बोलते, कागद त्यांचाच, आकडा पन त्यांचाच." तो चपला काढून पायरीवर आईशेजारी बसला. "म्हनून तर सोलर बोलतोय ना मी. एकदा छपरावर काचा डोल्यांनी दिसल्या, आपल्या घरची वीज हाय बोललो, की लावील ती पंखा. तिला कागदाचा इश्वास न्हाय. तुझ्यासारखीच हाय ती."

ही गोष्ट त्याने होळीनंतर मला सांगितली असती तर? पण कुठला मुलगा बहिणीच्या घरी जाऊन सांगेल की आई माझ्या घरात पंखा लावत नाही. तो बिलाचंच बोलला.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण माझ्या पोटात दोन महिने जे होतं ते वर आलं.

"साडी कशाला आणली होतीस?"

"कुठली साडी?"

"कागदावर ठेवलीस ती."

उत्तर आईने दिलं. "ती मी सांगितली आनाला. लेकीची सही घ्याची ती काय मोकल्या हातानं? बायजाला दिली, मंग तुम्हा दोघींना नको द्याला? लोकं काय बोलतील?"

"आई, आत्याने हक्क सोडला होता. हे नुसतं मीटरचं आहे."

"सही ती सहीच ना."

इतकंच होतं, दिशा. आईला वाचता येत नाही. तिच्या लेखी मुलीने कागदावर सही करणं म्हणजे मुलीकडून काहीतरी जाणं, आणि ते मोकळ्या हाताने घ्यायचं नसतं. तिने मान द्यायला जी साडी पाठवली, तीच मी पुरावा म्हणून कपाटात ठेवली होती.

कुमारला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे मी घर लाटतोय असं वाटलं तुला? होलीपासून?"

"नाक्यावर तू गोडाऊनच्या माणसाबरोबर बसला होतास. मी बसमधून पाहिलं."

"बसलो होतो. आठवड्याला एक येतो. भाव सांगतो, चा पितो, जातो. न्हाय बोलायचं तरी चा पाजावा लागतो, ताई. तू बसमधून उतरली असतीस तर तुला पन पाजला असता."

"आणि दिशाची सही घेतलीस."

"दिशाची?" तो हसला, पण हसण्यात काही नव्हतं. "दिशा बोलते, ताईची झाली की माझी. तुला दोनदा फोन केला तिनं, तू उचलत न्हायस. आणि माझ्याशी तू काय बोलतच न्हायस. मी दोघींच्या मधे लटकलोय."

तरीही मी गप्प बसले नाही. मला वाटतं, मी गप्प बसले नाही ते बरंच झालं. मी विचारलं, "आणि घराचा कागद? तो कधी आणणार?"

मंदाची मशीन परत सुरू झाली होती, ती थांबली. कुमार अंगणाकडे बघत म्हणाला, "आनावा लागंल कवातरी. घरावर चार नावं हायत. मी खोटं कशाला बोलू?"

"मग आत्ताच ऐक. त्यावर मी सही करणार नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. आपल्या घरात हे वाक्य कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. आई जमिनीकडे बघत होती. मंदा दारात येऊन उभी राहिली.

"नको करू," कुमार म्हणाला. "तुझा हक्क तुझ्याजवल ठेव. मी मागितलाय का? मी आईच्या पंख्याचं बोलत होतो." तो उठला, चपला पायात घातल्या. "आणि आता मीटरची पन सही नको मला. उपकाराची वीज नको. भरीन मी बिल, जसं येईल तसं." गाडीला किक मारली आणि गेला.

मी आईजवळ बसले. मग तिने विचारलं, "साडीचा रंग तरी बरा हाय ना? मंदानं काढला पसंत करून."

"छान आहे," मी म्हणाले.

निघताना पंखा लावला. आईला खाटेवर निजवलं, बटणाला हात लावायचा नाही अशी दमदाटी केली. ती "हो गं बाय" म्हणाली. फाटकातून वळून पाहिलं तर खिडकीतून पंखा दिसत होता. पाती हळू होत होती. मी बघता बघता ती थांबली.

रात्रीपासून मी स्वतःला विचारते आहे. संशय घेतला तो चुकला का? अर्धा चुकला, अर्धा नाही. घराचा कागद येणार आहे, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पण जो कागद त्याने अजून आणलाच नाही, त्याची शिक्षा मी हातात असलेल्या कागदाला दिली, आणि ती भोगली आईने.

आणि दुसरं. घरातला माझा वाटा मला हवा आहे. गरज आहे म्हणून नव्हे, आमचं भागतं. आत्यासारखं आपलंही नाव एक दिवस "काढलं" जाऊ नये म्हणून हवा आहे, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खोटं नाही. पण नाक्यावर बस अडकली तेव्हा माझी नजर आधी आपल्या घराभोवतीच्या गोडाऊनांवर गेली होती आणि मग कुमारवर, हेही खोटं नाही. मी त्याच्या डोळ्यांत जी हाव शोधत होते, ती कशी दिसते हे मला आधीच माहीत होतं. सरकार, मीटर, कार्यालयातले बाबू, कुमार, तू, सगळ्यांची झडती घेऊन झाली. माझी तेवढी राहिली होती.

आज सकाळी सही केली. करण्याआधी त्या चार बोटं कोऱ्या जागेवर, उत्तरपत्रिकेच्या उरलेल्या पानावर मारतो तशी तिरकी रेघ मारली. मारून झाल्यावर वाटलं, कुमारला ती दिसेल आणि लागेल. मग वाटलं, लागू दे. रेघेखाली सही तर आहे. ती मारायला नको होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू सांग.

तुझ्याबद्दल मनात जे आणलं त्याची माफी वर मागितलेल्या माफीत धरू नकोस. ती वेगळी मागते. तू माझ्यासाठी थांबली होतीस आणि मी तुला विकलेली समजत होते.

आता तुझ्या कागदाचं. माझी झाली म्हणून तू सही करू नकोस. स्वतः वाच, पटलं तर कर, रेघ मारावीशी वाटली तर मार, आणि लवकर पाठव, उन्हाळा आपल्यासाठी थांबणार नाही. घराचा कागद जेव्हा येईल तेव्हा तुला जे करायचं ते कर. सही केलीस तरी मी रागावणार नाही, निदान प्रयत्न करीन. पण करण्याआधी मला सांग. बोलून भांडू. न बोलता भांडणं काय असतं ते यंदा पाहिलं.

मुलांना खूप लाड. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझ्यावर आता तरी विश्वास ठेवणारी,
ताई

(रोजनिशीत दिवसाच्या शेवटी लिहिते ते आज इथेच लिहिते.)

उद्या : मानकोली. कुमार नको म्हणाला तरी कागद त्याच्या हातात देऊनच परतणे.